तीस सेकंदांचा श्रोता

आमच्या चिरंजीवांनीं मागील दिवाळींत स्पॉटिफाय ही संगीतसेवा माझ्या फोनवर सुरू करून दिली. स्टॉकहोम येथें २००६ सालीं स्थापन झालेली ही संस्था भारतांत २०१९ च्या फेब्रुवारींत आली. तेव्हां माझी तिच्याशीं ओळख उशिरांच झाली म्हणावयाची. पहिल्याच रात्रीं केसरबाई केरकरांची भैरवी लाविली. हीच साडेतीन मिनिटांची ध्वनिमुद्रिका १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळांत गेली. जुन्या ध्वनिमुद्रिकांसाठीं ज्यानें एकेकाळीं पायपीट केली, त्याच्यापुढें बोट लावतांच हा स्वर उभा राहावा, याचा आनंद केवढा, हें रसिकांस सांगावयास नको.

परंतु आठवड्याभरानें एक गोष्ट ध्यानांत आली. एका संध्याकाळीं मीं अकरा गायक ऐकले, आणि राग एकहि ऐकला नाहीं. आलाप स्थिरावतो न स्थिरावतो तोंच बोट पुढच्या नांवाकडे वळे. दोष अर्थात् माझाच. तथापि या चंचलतेला साजेसाच हिशेब येथें आहे. तीस सेकंद ऐकलें, कीं तें गाणें ऐकलें गेलें अशी गणना होते. विलंबित एकतालाचें एक आवर्तनहि अनेकदां तेवढ्यांत पुरें होत नाहीं. म्हणजे समेवर न येतांच श्रवण झालें!

जुन्या तबकडीनेंहि कलेला बंधन घातलेंच होतें. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटें मिळत. तेवढ्यांत रागाचें सार सांगावें लागे. पण तें बंधन गाणाऱ्यावर होतें, ऐकणाऱ्यावर नव्हे. उलट घरांत तबकड्या मोजक्याच, म्हणून त्याच पुनःपुन्हां ऐकल्या जात, आणि त्यांतूनच कान तयार होत. आज गायकाला तासभर गाण्याची मोकळीक आहे. टंचाई आहे ती ऐकणाऱ्याच्या धीराची.

म्हणून ही सेवा टाकून द्यावी, असें मी म्हणणार नाहीं. ग्रंथालय मोठें झालें म्हणून कोणी त्याला कुलूप लावीत नाहीं. मात्र स्वतःपुरता एक नियम मीं केला आहे: रात्रीं एकच गायक, एकच राग, आणि तो संपेपर्यंत फोन टेबलावर पालथा. पहिल्या दिवशीं पहिलीं दहा मिनिटें फार जड गेलीं. मग सम आली, आणि हात आपोआप मांडीवर पडला.