गाणारा ‘मग’ विनोदी झाला? : त्रान वान त्राच यांच्याविषयी

व्हिएतनामी संगीताचा विषय निघाला की जाणकार एक नाव हमखास घेतात, त्रान वान खे. पॅरिसला सॉर्बोनमध्ये १९५८ साली आपल्या देशाच्या पारंपरिक संगीतावर प्रबंध लिहिणारे, जगभर फिरून ते संगीत समजावून सांगणारे थोर अभ्यासक. आज मात्र मी त्यांच्या धाकट्या भावाबद्दल बोलणार आहे. त्याचं नाव त्रान वान त्राच. सायगॉनच्या लोकांनी त्याला ‘क्वाय किएत’ ही पदवी दिली. त्यातल्या ‘क्वाय’चा अर्थ विचित्र, चमत्कारिक, आणि ‘किएत’ म्हणजे असामान्य माणूस. आपण मराठीत ‘अचाट वल्ली’ म्हणू. पदवी प्रेमाची खरी, पण गंमत बघा, थोरल्याला प्राध्यापक म्हणतात आणि धाकट्याला वल्ली!

त्याची ओळख साधारण अशी करून देतात की आधी तो संगीतातला होता, मग विनोदाकडे वळला. माझं भांडण या ‘मग’शी आहे. या एका शब्दात एक उतरंड गृहीत धरलेली असते. वर संगीत, खाली विनोद, आणि माणूस वरून खाली घसरला.

आधी घर कसं होतं ते पाहू. मेकाँगच्या मुखाकडच्या तेव्हाच्या मी थो प्रांतात विन्ह किम नावाचं गाव होतं. तिथे १९२४ साली त्याचा जन्म झाला. घराण्यात वाद्यांचा वारसा होता, वडील चंद्राकार तंतुवाद्याचे नामांकित वादक. १९३० साली आई गेली, पुढच्याच वर्षी वडील. तीन लहान भावंडं आत्याने वाढवली, आणि ही आत्या साधी बाई नव्हे. १९२० च्या दशकात तिने फक्त मुलींची ‘काय लुओंग’ नाटकमंडळी काढली होती. काय लुओंग म्हणजे दक्षिण व्हिएतनामचं आधुनिक संगीत नाटक. त्यात पात्र एकदम गात नाही. आधी अर्धवट बोलल्यासारखं, अर्धवट गाण्यासारखं काही म्हणतं आणि मग गाण्यात शिरतं. बोलणं आणि गाणं यांच्यामधली ही शिवण त्राचच्या कानावर लहानपणापासून पडलेली. माझ्या मते त्याचा सगळा विनोद त्या शिवणीवर उभा आहे.

आता जरा भाषेत शिरू, कारण ते समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. व्हिएतनामी ही स्वराघातांची भाषा. ‘मा’ हे अक्षर सपाट म्हटलं तर भूत, चढवून म्हटलं तर दक्षिणेत आई, उतरवून म्हटलं तर ‘पण’, आणखी वेगळं म्हटलं तर थडगं किंवा भाताचं रोप. प्रमाण उच्चारात असे सहा स्वर आहेत. सायगॉनच्या बोलीत दोन मिसळून जातात आणि पाचच उरतात. म्हणजे चाल चुकली की सूर तर बिघडतोच, आईचं भूतही होतं! (हशा) हसताय खरे, पण १९३० च्या दशकातल्या गीतकारांची हीच डोकेदुखी होती. फ्रेंच तबकड्या घरोघरी वाजत होत्या, तिनो रोसीची तर तिकडच्या तरुणांना वेडच लागलं होतं, आणि त्या परक्या चालींवर व्हिएतनामी शब्द बसवायची फॅशन आली होती. १९३८ च्या सुमारास न्युएन वान तुयेन आणि इतरांनी ‘नवं संगीत’ सुरू केलं, ते स्वतःच्या शब्दांना स्वतःच्या चाली हव्यात म्हणून.

बहुतेकांनी त्यात प्रेम, शरद ऋतू, विरह असली हळवी गाणी रचली. सुंदर आहेत, नाही म्हणत नाही. पण त्या गाण्यांतला माणूस सायगॉनच्या बाजारात कधी दिसत नाही. त्राचने रस्त्यावरची भाषा उचलली. त्याच्या गाण्यांत टेलिफोन आहे, फाउंटन पेन आहे, सायकलरिक्षावाला आहे, बेकार तरुण आहे. टेलिफोनला तिकडे ‘ते-ले-फोन’ म्हणतात. फ्रेंच शब्दाचे तीन तुकडे करायचे आणि प्रत्येकाला आपला सूर द्यायचा. परका शब्द तोंडात बसवताना होणारी ती धडपड हाच अर्धा विनोद असतो. त्यासाठी डोळे फिरवावे लागत नाहीत, कान तयार असावा लागतो.

‘पंचमीची आगगाडी’ असा अर्थ होणारं त्याचं गाणं सगळ्यात गाजलं. त्यात गाडी तो तोंडानेच चालवतो. शिट्टी, चाकं, वाफ, सगळं. नकलाकार पुष्कळ असतात हो! पण नकलाकाराचा आवाज नकलेपुरता असतो, ती संपली की तो थांबतो आणि टाळी घेतो. इथे चाकांचा आवाजच ताल होतो, त्या तालावर गोष्ट पुढे सरकते आणि गाणं पुन्हा त्याच लयीत उचललं जातं. हे वादकाच्या घरात वाढलेल्या माणसाचं काम आहे.

मोठ्या ‘संगीतमेळ्यां’चं श्रेयही त्यालाच देतात. एकाच तिकिटात गाणी, प्रहसनं, कसरती. सिनेमाच्या आधी रंगमंचावर गाणी सादर करायची पद्धत रूढ करण्यातही त्याचा हात होता. १९५० च्या दशकाच्या मध्यात त्याने चित्रपटही केले. ते या व्याख्यानाचा विषय नाहीत.

विषय आहे लॉटरीचं गाणं. सायगॉन सरकारच्या ‘राष्ट्र-उभारणी’ सोडतीसाठी त्याने गाणं केलं, स्वतः गायलं, आणि ते सोडतीबरोबर रेडिओवर वर्षानुवर्षं वाजत राहिलं. तिकीट घ्या, देशाला हातभार लावा, जमलं तर श्रीमंतही व्हा! टीकाकार म्हणून मला हे गाणं अडचणीचं वाटतं. बेकारांची आणि रिक्षावाल्यांची गाणी गाणारा माणूस त्यांच्याच खिशातले पैसे सरकारी तिजोरीकडे वळवतो आहे, आणि तेही युद्धाच्या काळात. त्याच्या नेहमीच्या गाण्यांतला तिरकसपणा इथे नाही. जाहिरात म्हणून ते चोख आहे; त्राचचं गाणं म्हणून, माझ्या लेखी, फिकं. आणि नेमकं हेच लोकांच्या सर्वांत जास्त लक्षात राहिलं.

१९७५ मध्ये सायगॉन पडलं. जुन्या राजवटीतल्या लोकप्रिय गाण्यांवर बंदी आली. १९७७ मध्ये त्राच फ्रान्सला गेला. थोरला भाऊ १९४९ पासून तिथेच होता. इथे दोघांमधला खरा फरक दिसतो. खे यांनी पॅरिसच्या सभागृहात सोळा तारांचं ‘दान त्रान्ह’ छेडलं तर फ्रेंच श्रोता एक शब्द न समजता भारावून जाई. त्राच काय करणार? त्याची गंमत दक्षिणेच्या बोलीत, सायगॉनच्या गल्लीत, परक्या शब्दाच्या तुटलेल्या अक्षरांत होती. तिचं भाषांतर होत नाही. त्याच्यासाठी उरला तो आपल्यासारखाच घर सोडून आलेला श्रोता. त्या श्रोत्यांना नव्या विनोदापेक्षा जुनं सायगॉनच ऐकायचं असतं, हे साहजिक आहे. पण ज्याचा सगळा माल ताज्या रस्त्यावरून यायचा, त्याला आठवणींवर जगावं लागणं म्हणजे काय, याचा विचार करा. १९९४ साली पॅरिसमध्येच तो वारला. खे पुढे मायदेशी परतले आणि २०१५ मध्ये हो चि मिन्ह शहरात, म्हणजे जुन्या सायगॉनमध्येच, त्यांनी शेवटचा श्वास घेतला.

राजवट बदलली, शहराचं नावही बदललं. लॉटरी मात्र आजही आहे, प्रांतोप्रांती, आणि तिचं नाव अजून तेच आहे, ‘उभारणीची सोडत’. दक्षिणेकडच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर दोन मिनिटं बसलात तर तिकिटांची चळत हातात घेऊन कुणीतरी तुमच्यापुढे येऊन उभं राहतं.