भवभूतीच्या नाटकातील विष

विष हा शब्द अलीकडे फारच स्वस्त झाला आहे. वृत्तपत्र हाती घ्यावे, तो कोणी तरी कोणावर गरळ ओकलेली असतेच. वास्तविक आमच्याकडचा नाग गरळ ओकीत नाही; जबड्यातील पिंडात साठलेले विष तो दातावाटे दुसऱ्याच्या अंगात उतरवितो. तो डूख धरतो, हेही आपणच त्याच्या माथी मारलेले. भंडाऱ्याकडे धानाच्या बांध्यांत वाकून रोवणी करणाऱ्या बाईस विष ही अलंकाराची बाब नव्हे. मण्यार रात्री निजलेल्यास डसते. दंश पुष्कळदा जाणवतही नाही, आणि पापण्या मिटू लागतात त्या काही तासांनी. हे ज्या घराने पाहिले, त्या घरात हा शब्द आपल्याइतक्या सहजतेने उच्चारला जात असेल, असे आम्हांस वाटत नाही.

ह्याच मुलखातील एका कवीने तो तसाच जपून वापरला आहे. भवभूती आपल्या घराण्याचे गाव विदर्भातील पद्मपूर म्हणून सांगतो, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी ह्यांनी ते आमगावजवळचे पदमपूर ठरविले. (1999 साली भंडारा जिल्हा विभागला गेल्यापासून ते गोंदियाकडे मोडते, आठव्या शतकातील कवीस त्याचे सोयरसुतक नसावे.) त्याच्या 'उत्तररामचरिता'तील करुणरसाविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. आम्हांस त्यातील विषाविषयी थोडे लिहावयाचे आहे.

पहिल्या अंकात हा शब्द प्रथम येतो तो सुखाच्या भरात. सीतेच्या स्पर्शाने रामाची इंद्रिये भुलतात, आणि हे सुख की दुःख, अंगात विष भिनते आहे की मद चढतो आहे, असा त्यास संभ्रम पडतो. प्रेक्षक ह्याला शृंगार समजून पुढे जातो. थोड्याच वेळाने सीता रामाच्या बाहूवर निजलेली असताना दुर्मुख येतो आणि लोकापवाद त्याच्या कानात सांगतो. ते शब्द भवभूती आपल्या कानी पडू देत नाही. दंश झाला एवढेच आपणांस कळते. आणि जिचे आयुष्य त्याने उद्ध्वस्त व्हावयाचे, ती झोपेतच असते.

आता राम त्या अपवादास उपमा देतो ती सर्पविषाची नव्हे, पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषाची. दुसऱ्या कोणा कवीने येथे काळसर्प आणून काम भागविले असते. पण सर्पविष काही तासांत आपला निकाल लावते. कुत्र्याच्या दंशाचे तसे नाही. जखम भरून येते, माणूस कामाला लागतो, आणि आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, ते विष उसळते. लंकेतील अग्निदिव्याने भरलेली जखम अयोध्येत अशीच उसळली. हा विषाणू मज्जातंतूंवाटे मेंदूकडे सरकतो, हे आज ठाऊक आहे. लक्षणे दिसण्यापूर्वी लस टोचली तर माणूस वाचतो, नंतर बहुधा नाही. (विषाणू ह्या शब्दातही विष आहेच, आणि व्हायरस ह्या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थही तोच.) सुश्रुताने कल्पस्थानात ह्या रोगातील पाण्याचे भय नोंदले आहे, आणि आणखी एक गोष्ट सांगितली आहे: दंश झालेला मनुष्य डसणाऱ्या प्राण्यासारखे चाळे व आवाज करू लागला की तो वाचत नाही.

आमच्या मते ह्या उपमेचे मर्म येथे आहे. अपवाद डसला रामाला, आणि मग राम सीतेला डसला. सारा दोष दैवाचा व प्रजेचा, राम बिचारा निरुपाय, असे म्हणणाऱ्यांस ह्या उपमेचा अर्धाच भाग दिसतो. दैवाचे नाव राम स्वतःही घेतो, हे खरे. परंतु लगेच पुढे, निजलेल्या सीतेपासून दूर होताना, तू चंदन समजून विषवृक्षाला बिलगलीस, असे तो तिला म्हणतो. आयुर्वेदाने विषाचे स्थावर व जंगम असे दोन वर्ग केले आहेत. लोकांच्या तोंडचे विष जंगम होते. आपल्यातले विष मात्र राम स्थावर म्हणून, मुळापासूनचे म्हणून, कबूल करतो. एवढा कठोर आरोप रामावर नाटकातील दुसऱ्या कोणी केलेला नाही, आणि तो ऐकावयास सीता जागी नाही! कबुलीजबाब द्यावा आणि तो पोहोचू नये अशा वेळी द्यावा, ह्यात कवीने नायकाला वाचविले की पकडले, हे आम्हांस अजून ठरविता आलेले नाही. पकडले, असेच वाटते.

दुसऱ्या अंकात बारा वर्षे लोटली आहेत. राम दंडकारण्यात येतो, ओळखीची स्थळे पाहतो, आणि जुना शोक, फार काळाने वेग धरणाऱ्या तीव्र विषासारखा, त्याच्या अंगात पसरतो. वेग हा वैद्यांचा शब्द. सर्पविषाचे सात वेग सुश्रुताने सांगितले आहेत. सीतेस अरण्यात धाडताना रामाने स्वतःस विषवृक्ष म्हटले होते. बारा वर्षांनी त्याच विषाचा पहिला वेग त्याला स्वतःला येतो, आणि तेव्हा त्याच्या बाहूवर कोणी निजलेले नसते.