कारणांची जबाबदारी

न्यायनिर्णयाला वाङ्मयाचा प्रकार मानण्याची आपल्याकडे पद्धत नाही. बखरीची, पत्रव्यवहाराची, रोजनिशीची समीक्षा होते. निवाड्याची चर्चा मात्र वकिलांपुरती राहते, आणि तीही त्यातून निघणाऱ्या कायद्याच्या तत्त्वापुरती. वास्तविक निवाडा हा एक गद्यलेखच होय. त्यात कथन असते, दोन्ही बाजूंचे म्हणणे असते, विचारांची मांडणी असते. आणि त्या मांडणीवर कोणाची तरी जमीन, नोकरी किंवा अब्रू अवलंबून असते. व्यावसायिकांच्या जबाबदारीसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने दिलेले तीन निवाडे या दृष्टीने वाचून पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

असे वाचन का करावे, याचे कारण प्रथम सांगितले पाहिजे. शस्त्रक्रियेत हयगय झाली तर शल्यचिकित्सकावर नुकसानभरपाईचा दावा लावता येतो. न्यायाधीशाचा निर्णय चुकला तर त्याच्यावर दावा लावता येत नाही. १८५० चा आणि १९८५ चा असे दोन कायदे त्यास संरक्षण देतात, आणि ते योग्यच आहे. हरलेला प्रत्येक पक्षकार न्यायाधीशास कोर्टात खेचू लागला तर निर्भयपणे न्याय करणे अशक्य होईल. परंतु या संरक्षणामुळे न्यायाधीशाची जबाबदारी संपत नाही. ती निवाड्यात लिहिलेल्या कारणांत उतरते. अर्धन्यायिक अधिकाऱ्यांनीही आपल्या आदेशात कारणे नमूद केली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० साली सांगितले, त्यामागील तत्त्व हेच आहे. इतरांच्या जबाबदारीचा निर्णय करणारा स्वतः जबाबदार राहतो तो केवळ आपल्या लेखणीद्वारे.

ही दृष्टी आपल्याला परकी नाही. मराठेशाहीतील निवाडपत्रे चाळली तर त्यांची एक ठरावीक घडण दिसते. वादी आणि प्रतिवादी यांच्या तकरिरी, दाखल झालेले कागद, साक्षीदारांच्या जबान्या, आणि त्यानंतर निर्णय. महजरावर सभासदांची नावे असत. हरलेल्या पक्षाकडून येजितखत, म्हणजे पराभव मान्य केल्याचे पत्र, लिहून घेतले जाई. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील आपल्या १९५३ च्या इंग्रजी ग्रंथात या कागदपत्रांचा सविस्तर परामर्श घेतला आहे. त्या व्यवस्थेत दिव्यासारखे प्रकार होते आणि जातिभेदही होता. तिचा गौरव करण्याचे कारण नाही. तथापि हरणाऱ्याचे म्हणणे निवाड्यात नोंदले गेले पाहिजे, ही तिच्यातील अपेक्षा आजही मापदंड म्हणून वापरता येते.

पहिला निवाडा २ मे १९६८ चा. रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर ६ मे १९५३ रोजी सुमारे वीस वर्षांच्या एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याचे वडील स्वतः दौंड येथे डॉक्टर होते. तरुणाला पुण्यातील इस्पितळात नेण्यात आले आणि ९ मे रोजी तेथेच त्याचा मृत्यू झाला. पुरेशी भूल न देता, मॉर्फियाच्या एका इंजेक्शनावर, माणसांकरवी पाय जोराने ओढून हाड बसविल्यामुळे धक्का बसून मृत्यू आला, असे वडिलांचे म्हणणे. हाड बसविण्याचे काम पुढे ढकलले होते, पाय केवळ स्थिर केला होता, असे शल्यचिकित्सकाचे म्हणणे. खालच्या न्यायालयाने तीन हजार रुपयांची भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले.

न्यायमूर्ती शेलत यांचा हा निवाडा आजही उद्धृत होतो तो डॉक्टरांच्या तीन कर्तव्यांसाठी. रुग्ण स्वीकारावा की नाही हे ठरविताना, उपचार कोणता करावा हे ठरविताना आणि प्रत्यक्ष उपचार करताना वाजवी काळजी घेणे, ही ती कर्तव्ये. आम्हांस मात्र त्यातील कथन अधिक मोलाचे वाटते. कोण केव्हा हजर होते, कोणते इंजेक्शन सांगितले गेले आणि कोणते दिले गेले, कागदपत्रे काय सांगतात, याची छाननी निवाड्यात आहे. कायद्याचे विवेचन तिच्या मानाने थोडक्यात आहे. हरलेल्या शल्यचिकित्सकास निर्णय पटला नसेल. परंतु आपले म्हणणे का नाकारले गेले, हे त्यास त्या मजकुरात सापडले असणार. एवढे झाले म्हणजे निवाडा आपले कर्तव्य करतो.

दुसरा निवाडा ५ ऑगस्ट २००५ चा. सरन्यायाधीश लाहोटी यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाने डॉक्टरांवरील फौजदारी कारवाईची मर्यादा त्यात आखून दिली. फौजदारी गुन्ह्यास साधी हयगय पुरेशी नाही, ती घोर स्वरूपाची असली पाहिजे. खटल्यापूर्वी दुसऱ्या जाणकार डॉक्टरांचे मत घ्यावे. नित्यक्रम म्हणून अटक करू नये. हे नियम आवश्यक होते यात शंका नाही. पोलिसाच्या धाकाने थरथरणारा हात शस्त्र नीट चालवू शकत नाही.

परंतु ज्या घटनेतून हा निवाडा निघाला ती घटना निवाड्यात फार लवकर मागे पडते. तक्रारीनुसार लुधियानातील इस्पितळात कर्करोगाच्या एका वृद्ध रुग्णास श्वास घेता येईना, आणि जोडलेला प्राणवायूचा सिलिंडर रिकामा निघाला. फौजदारी कारवाई रद्द करताना न्यायालयाने इस्पितळाची दिवाणी जबाबदारी असू शकेल किंवा नसेलही, एवढेच म्हटले. खटला पुराव्यापर्यंत गेलाच नव्हता, त्यामुळे न्यायालयास तपशिलात शिरता आले नाही, हे खरे. तरीही सिलिंडर भरलेला आहे की नाही हे पाहण्याचे काम नेमके कोणाचे, हा साधा प्रश्न इंग्लंडच्या आणि आपल्या पूर्वनिर्णयांच्या दीर्घ चर्चेत हरवतो. मुलाच्या दृष्टीने खटल्याचा विषय तेवढाच होता. तत्त्व मोठे झाले, मनुष्य लहान झाला.

तिसरा निवाडा १४ मे २०२४ चा, वकिलांविषयीचा. डॉक्टरांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ठरविले होते. वकिलांची सेवा मात्र त्या कायद्याखाली येत नाही, असा निर्णय दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिला. इतर कायद्यांखाली वकिलांवर कारवाई होऊ शकते, असे त्यातच नमूद आहे. या पीठाने १९९५ च्या निवाड्याचा फेरविचार व्हावा असेही सुचविले होते. त्या संदर्भात तो अनावश्यक असल्याचे तीन न्यायमूर्तींच्या पीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितले.

वकिलीचा पेशा वेगळा आहे, वकिलास न्यायालयाप्रतीही कर्तव्य असते, हा युक्तिवाद आम्हांस वजनदार वाटतो. परंतु पक्षकाराचे आपल्या वकिलावर प्रत्यक्ष नियंत्रण असते, म्हणून हा वैयक्तिक सेवेचा करार आहे, असे जे दुसरे कारण दिले आहे, ते अनुभवाला उतरत नाही. ज्या पक्षकारास आपल्या अर्जातील भाषाच समजत नाही तो कसले नियंत्रण करणार? बेळगावच्या मराठी शेतकऱ्याचे कागद कन्नडमध्ये, वडोदऱ्याच्या मराठी भाडेकरूचे गुजरातीत, आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले की बहुधा सर्वच इंग्रजीत. तो वकिलाने दाखविलेल्या जागी सही करतो. निर्णय कदाचित योग्यच असेल. पण त्यास दिलेले कारण त्या पक्षकाराकडे न पाहता लिहिले गेले आहे. सर्वोच्च न्यायालय २०१९ पासून आपल्या काही निवाड्यांची प्रादेशिक भाषांतून भाषांतरे उपलब्ध करून देत आहे, ही स्वागतार्ह गोष्ट होय. मात्र ज्या कारणांत पक्षकार दिसत नाही, ती मराठीत आली तरी त्यास परकीच राहतील.

तीन निवाड्यांतील हा फरक न्यायमूर्तींच्या विद्वत्तेतील नव्हे. फरक आहे तो कोणास उद्देशून लिहिले याचा. पहिला निवाडा पक्षकारांना उद्देशून लिहिला आहे. पुढील दोहोंत लेखणी प्रामुख्याने पेशांकडे आणि भावी निवाड्यांकडे वळलेली आहे. सर्वोच्च न्यायालयास तत्त्व सांगावेच लागते; परंतु महसुली, सेवाविषयक वा ग्राहकविषयक न्यायाधिकरणांस ही सबब नाही. त्यांच्यापुढे येणारा मनुष्य बहुधा पुढे जाऊ शकत नाही. त्यांचा आदेश हाच त्याचा अखेरचा निवाडा. ‘अपिलात तथ्य आढळत नाही, सबब ते फेटाळण्यात येत आहे’ एवढ्यावर त्याची बोळवण करणारा आदेश कायद्याच्या दृष्टीने सदोष आहेच. तो लिहिणाऱ्याने आपली एकमेव जबाबदारीही टाळली आहे. डॉक्टरांनी रुग्णाची आणि वकिलांनी पक्षकाराची किती काळजी घ्यावी, हे आपली न्यायालये काटेकोरपणे सांगतात. तेवढीच काळजी निवाडा लिहिताना हरणाऱ्या पक्षाची घेतली गेली काय, हे पाहण्याचे काम वाचकांचे आहे, आणि ते केवळ वकिलांवर सोपवून भागणार नाही.