सांध्याचे उत्तर आणि तड्याचा प्रश्न

नंदुरबार जिल्ह्यातील धानोरा असो वा महाराष्ट्रातील दुसरे कोणतेही गाव, काँक्रीटचा रस्ता आता मुलांच्या ओळखीचा झाला आहे. त्यावर ठरावीक अंतराने आडव्या चिरा दिसतात. त्या कशासाठी, असे विचारले की वर्गातून ठरलेले उत्तर येते : ‘उन्हाने काँक्रीट प्रसरण पावते, म्हणून जागा सोडतात.’ रुळांमधील फटींचा धडा सर्वांना पाठ असतो. मात्र या उत्तराला पूर्ण गुण देणे योग्य नाही. रस्ता का फुटतो, हे त्यातून कळत नाही.

प्रथम चिरेकडेच पाहू. ती स्लॅबच्या आरपार नसते. वरच्या पाव ते एकतृतीयांश जाडीपुरतीच कापलेली असते. प्रसरणाला वाव द्यायचा असता तर ती आरपार हवी होती. तसे प्रसरण सांधे पुलाजवळ वगैरे मोजक्या ठिकाणी असतात. ही चीर आकुंचनासाठी आहे. काँक्रीट घट्ट होताना व वाळताना आखडते, पण खालच्या थराशी होणारे घर्षण त्याला आखडू देत नाही. त्यामुळे स्लॅब ताणला जातो. काँक्रीट दाब भरपूर सोसते, ताण मात्र त्याच्या सुमारे दशांशच. तडा जाणारच असतो. चीर त्याची जागा ठरवते, एवढेच.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. रुळांच्या धड्यात संपूर्ण वस्तू सारखीच तापते असे गृहीत असते. स्लॅब तसा तापत नाही. दुपारी वरचा पृष्ठभाग तापलेला असतो, तळ त्या मानाने थंड. वरचा भाग अधिक पसरतो आणि स्लॅब मध्यभागी फुगू पाहतो. स्वतःचे वजन त्याला खाली दाबते, म्हणून तळाशी ताण निर्माण होतो. रात्री उलटे घडते. उन्हात घातलेला पापड आठवा : वरची बाजू आधी वाळून आखडते आणि कडा उचलल्या जातात. रात्री वरची बाजू थंड होऊन आखडली की स्लॅबचे कोपरे तसेच उचलले जातात.

या प्रश्नाला गणिती रूप दिले एच. एम. वेस्टरगार्ड यांनी. चाकाच्या भाराने कोपरा, कडा आणि मध्यभाग येथे किती प्रतिबल येते, हे त्यांनी १९२६ मध्ये मांडले. पाठोपाठ तापमानाचा विचारही केला. १९३८ मध्ये ब्रॅडबरी यांनी मर्यादित लांबीच्या स्लॅबसाठी गुणक दिले. सूत्र साधे आहे. काँक्रीटचा स्थितिस्थापकता गुणांक, प्रसरणांक आणि वर-खालच्या तापमानांतील फरक यांच्या गुणाकाराला दोनाने भागायचे आणि ब्रॅडबरींच्या गुणकाने गुणायचे.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत किनारपट्टी व डोंगराळ भाग वगळून महाराष्ट्रासाठी, २० सेंमी जाडीच्या स्लॅबकरिता, हा फरक १९ अंश सेल्सिअस धरला आहे. स्थितिस्थापकता गुणांक ३०,००० न्यूटन प्रति चौ. मिमी आणि प्रसरणांक एका अंशाला एक लक्षांश धरून, साधारण कमकुवत जमिनीवर सांध्यांतील अंतर १० मीटर असल्यास प्रतिबल सुमारे २.९ येते, ४.५ मीटर असल्यास २.२; आणि २.५ मीटर असल्यास केवळ ०.५ न्यूटन प्रति चौ. मिमी. एम-३० काँक्रीटची वाकण्यातील ताकद आहे सुमारे ३.८. म्हणजे सांधे दूर ठेवले, तर एकही चाक येण्यापूर्वी ऊनच तीनचतुर्थांश ताकद खाऊन टाकते. मग उसाची भरलेली ट्रॉली कडेवरून गेली, की दोष ट्रॉलीला किंवा सिमेंटला दिला जातो. कधी तो खराही असेल. पण उत्तम सिमेंटचा रस्ताही दूरच्या सांध्यांमुळे फुटू शकतो.

मात्र या प्रारूपालाही डोळे झाकून मान देऊ नये. वेस्टरगार्ड यांनी जमीन म्हणजे सर्वत्र सारख्या ताकदीच्या स्प्रिंगांची रांग मानली आणि स्लॅब तिला सतत टेकलेला आहे असे धरले. तापीच्या खोऱ्यातील काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ती सारखी कशी राहील? आणि रात्री कोपरा उचलला गेला असेल तर तेथे आधारच नसतो. भार आल्यावर तडा वरून सुरू होतो. भारतीय मार्गदर्शिकेच्या २०११ च्या आवृत्तीत दिवसा तळातून आणि रात्री वरून जाणारा, असे दोन्ही तडे विचारात घेतले गेले. त्यासाठी स्लॅबचे लहान लहान भाग कल्पून संगणकावर गणित सोडवावे लागले. जुने प्रारूप यामुळे निरुपयोगी ठरत नाही. ते कोठवर चालते, एवढे कळते.

हे सारे वर्गात आणणे अवघड नाही. मुलांना टेप देऊन शाळेसमोरच्या रस्त्यावर न्यावे. सांध्यांतील अंतरे आणि तड्यांच्या जागा वहीत उतरवून घ्याव्यात. तडा दोन सांध्यांच्या मध्ये आडवा आहे की कोपऱ्यात तिरपा, हे पाहावे. मध्यावरचा आडवा तडा लांब स्लॅबकडे बोट दाखवतो, तुटलेला कोपरा आधार सुटल्याकडे. एका निरीक्षणाने कारण सिद्ध होत नाही, हेही सांगावे. पण ‘प्रसरण पावते’ या दोन शब्दांवर न थांबता मुले ‘किती, कोठे आणि केव्हा?’ असे विचारू लागली, तर त्यांना प्रश्नाचे मर्म सापडले असे म्हणता येईल.