‘दावा’ या एकाच शब्दाची दोन ओझी

प्रतिपक्षाचे दिवाळे वाजले म्हणजे त्याच्यावर चालू असलेला दिवाणी दावा बुडाला, अशी समजूत आपल्याकडे सर्रास आढळते. कायदा असे म्हणत नाही. तथापि ही समजूत निव्वळ अज्ञानातून आलेली नसून, या विषयावर मराठीत जे लिहिले व बोलले जाते त्यातील शब्दयोजनेनेच तिला आधार दिला आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. त्या शब्दयोजनेचे परीक्षण येथे करावयाचे आहे.

२०१६ च्या ‘नादारी व दिवाळखोरी संहिते’च्या मराठी नावात दोन शब्द शेजारी बसविले आहेत, परंतु त्यांची प्रकृती भिन्न आहे. ‘नादार’ म्हणजे ज्याच्याजवळ नाही तो. एके काळी शाळेत फी माफ झालेल्या मुलासही नादारीच मिळे, व त्यात कोणी दोष पाहत नसे. ‘दिवाळखोर’ मात्र लाचखोर, चुगलखोर, भांडखोर या गोतावळ्यातला. त्याची अब्रू आधीच गेलेली असते. साहजिकच ‘दिवाळखोर’ हा शब्द वाचताच वाचकाच्या मनात कंपनीचा शेवट होऊन गेलेला असतो. वस्तुतः राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला की सुरू होते ती कंपनी सावरण्याची खटपट. अवसायन ही पुढची, आणि टळू शकणारी, पायरी होय.

अर्ज दाखल करून घेताना कलम १४ खाली मोरेटोरियम जाहीर होते. त्यायोगे ऋणको कंपनीविरुद्ध नवा दावा आणता येत नाही, प्रलंबित दावा पुढे चालविता येत नाही, आणि पूर्वी मिळालेल्या हुकूमनाम्याची बजावणीही करता येत नाही. येथे सारा भार ‘विरुद्ध’ या एका शब्दयोगी अव्ययावर आहे. त्याच संहितेच्या कलम ६०(६) मध्ये, मोरेटोरियमचा काळ दाव्याच्या मुदतीतून वगळताना, कंपनीने आणलेले व कंपनीविरुद्ध आणलेले अशा दोन्ही दाव्यांचा उल्लेख आहे. ज्या मसुदाकारांना दोन्ही दिशा सांगता येत होत्या त्यांनी कलम १४ मध्ये एकच सांगितली, ही गोष्ट निर्हेतुक मानता येत नाही. पॉवर ग्रिड विरुद्ध ज्योती स्ट्रक्चर्स या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ साली हीच दिशा ओळखली, व कंपनीच्या बाजूने झालेल्या लवादाच्या निवाड्याला दिलेले आव्हान मोरेटोरियमने अडत नाही असे ठरविले. मराठीत मात्र ‘कंपनीचे दावे थांबले’ असे लिहून आपण मोकळे होतो. कंपनीने केलेले, की कंपनीवर केलेले? षष्ठीच्या प्रत्ययाने ही दिशाच पुसून टाकली आहे.

वादीच नादार झाल्यास काय, याचे उत्तर १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या बाविसाव्या आदेशात आहे. (मृत्यू, विवाह व नादारी ही तिन्ही संकटे तेथे एकाच मथळ्याखाली घातली आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे.) धनकोंच्या हितासाठी त्याच्या मालमत्तेच्या प्राप्तकर्त्यास जो दावा चालविता येण्यासारखा असेल तो आपोआप संपत नाही, प्राप्तकर्त्याने तो चालविण्याचे नाकारले, किंवा खर्चाबद्दल तारण दिले नाही, तरच संपतो.

याहून घातक घोटाळा खुद्द ‘दावा’ या शब्दाचा आहे. संहितेच्या इंग्रजी मसुद्यात न्यायालयात गुदरलेल्या दाव्यास एक शब्द आहे, आणि तोडगा काढणाऱ्या व्यावसायिकाकडे पुराव्यानिशी नोंदवावयाच्या येण्यास दुसराच. (या गृहस्थास ‘ठराव व्यावसायिक’ म्हणण्याचा मोह अनेकांना होतो, जणू तो सभेत ठराव मांडणार आहे.) मराठी दोहोंनाही ‘दावा’च म्हणते. आता समजा, एखादा लहान माल-पुरवठादार आपल्या बिलासाठी पाच वर्षे दिवाणी न्यायालयात भांडत आहे. कंपनीविषयीची जाहीर सूचना इंग्रजीप्रमाणेच प्रादेशिक भाषेतील वृत्तपत्रातही द्यावी लागते. तीत तो वाचतो की धनकोंनी आपले दावे दाखल करावेत. ‘माझा दावा तर केव्हाच दाखल आहे’ असे म्हणून तो स्वस्थ बसतो. घनश्याम मिश्रा अँड सन्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली ठरविले की, तोडग्याची योजना मंजूर झाली म्हणजे तीत अंतर्भूत नसलेली येणी नष्ट होतात व त्यांपायी कोणतीही कार्यवाही आरंभिता वा चालविता येत नाही. कलम १४ ने त्याचा दावा केवळ थांबविला होता. तो निर्जीव झाला तो त्याच्या गप्प बसण्याने, आणि त्या गप्प बसण्याचे कारण एक मराठी शब्द.

न्यायालयातील कामास ‘दावा’ हा शब्द ठेवावा व दुसऱ्यास निराळा योजावा, हे उघड आहे. कोणता, हे तितके उघड नाही. वहीखात्यातला ‘येणे’ हा शब्द सर्वांच्या ओळखीचा, परंतु तो ठरलेली रक्कम सुचवितो. संहितेच्या व्याख्येत तर वादग्रस्त व अनिश्चित हक्कही येतात. नुसती ‘मागणी’ म्हणावे तर कलम ८ खालील मागणीच्या नोटिशीशी तिची गल्लत होते. यास्तव ‘येणे-मागणी’ हा जोडशब्द, थोडा अवघड वाटला तरी, प्रस्तुत लेखकास पत्करण्याजोगा वाटतो. त्याच्या जोडीला जाहीर सूचनेत एक वाक्य अवश्य असावे : ‘न्यायालयात दावा प्रलंबित असला तरी येणे-मागणी स्वतंत्रपणे नोंदवावी लागेल.’