‘शिक्षण आहे’ : एका घोषवाक्याची चिकित्सा

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या आणि पुढच्याच महिन्यात राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाची दैनिक अभ्यासमाला भ्रमणध्वनीवरून पाठविण्यास आरंभ केला. ही तत्परता स्तुत्य होती. परंतु त्या नावाचे व्याकरण तपासण्याजोगे आहे.

शिकणे व शिकविणे या दोन्ही क्रियापदांना कर्ता लागतो. ‘शिक्षण’ हे नाम मात्र दोन्ही व्यापार पोटात घेते, आणि ‘आहे’ हे अस्तित्ववाचक क्रियापद कोण शिकवितो, कोण शिकतो, हा प्रश्नच उद्भवू देत नाही. पाठ उपलब्ध असणे आणि पाठ घडणे यांतील भेद असा वाक्यरचनेतच लोपतो.

भिवंडीसारख्या नगराला हा लोप परवडणारा नव्हे. यंत्रमागांच्या या गावात मराठी, उर्दू, हिंदी व तेलुगू शेजारी नांदतात, आणि घरची भाषा एक व शाळेचे माध्यम दुसरे, अशी मुले तेथे थोडी नाहीत. मराठी वर्गात एखादे मूल ‘पुस्तक पडली’ असे म्हणते. ते हिंदीभाषक असेल तर चुकीचे मूळ हिंदीत हा शब्द स्त्रीलिंगी असण्यात आहे. तेलुगूभाषक असेल तर त्या भाषेच्या एकवचनात स्त्रीलिंगी व नपुंसकलिंगी कर्त्यांना क्रियापदाचे रूप एकच असते, यात ते संभवते. चूक एक, कारणे दोन, आणि उपायही दोन. हे निदान वर्गातला जाणता शिक्षक मुलाचे बोलणे ऐकून करतो. ध्वनिचित्रफितीला ते ऐकूच येत नाही. त्यातच टाळेबंदीत माग थांबले, अनेक कामगार कुटुंबे गावी परतली. ज्या घरात भ्रमणध्वनी एकच होता तेथे तो आधी कोणाच्या हाती असणार, हे सांगावयास नको.

अर्थात दोष यंत्राचा नव्हे. २०२० चे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळविणाऱ्या रणजितसिंह डिसले यांनी सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत पाठ्यपुस्तकांना क्यूआर संकेत जोडले. तेथे संकेतामागे मुलांना ओळखणारा शिक्षक उभा होता.

विद्यापीठांपुढील प्रश्न याहून अवघड दिसतो. ‘स्वयम्’वरून मिळविता येणाऱ्या श्रेयांकांची मर्यादा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये एका सत्रातील अभ्यासक्रमांच्या २० टक्के ठेवली होती, २०२१ मध्ये ती ४० टक्के केली. मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या भिवंडीतील महाविद्यालयांचे विद्यार्थीही या नियमांच्या कक्षेत येतात. अशा विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेत ‘श्रेयांक आहेत’ हे कळेल; त्याचे बोलणे कोणी ऐकले होते काय, हे तीवरून कळणार नाही.