अपघाती मृत्यूच्या जुन्या नोंदी आणि पूर्वजशोध : एक चिकित्सा

प्रास्ताविक

सन २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचे काम सुरू झाले आणि महाराष्ट्रातील महसुली दप्तरांतील जुन्या जन्म-मृत्यू नोंदवह्या पुन्हा उघडल्या गेल्या. 'कोतवाल बुक', 'गाव नमुना क्रमांक १४' हे शब्द एरवी तलाठी कार्यालयापुरते मर्यादित होते, ते घराघरांत पोहोचले. कित्येक कुटुंबांनी आपल्या पणजोबांचे किंवा खापरपणजोबांचे नाव प्रथमच कागदावर पाहिले. मात्र हे वाचन एका विशिष्ट प्रयोजनाने होत असल्यामुळे वाचकाची दृष्टी जातीच्या रकान्यावर स्थिरावते. त्याच ओळीत मृत्यूचे कारण सांगणारा रकानाही असतो. त्याकडे लक्ष देण्याचे प्रयोजन उरत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा रकाना आहे. पूर्वज कोणत्या अपघातात व कसा गेला, याचा शोध जुन्या कागदांतून घेताना त्या कागदांवर किती विसंबावे आणि त्यांच्या मौनाचा अर्थ कसा लावावा, याची चिकित्सा येथे केली आहे. अपघाती मृत्यूची नोंद वंशजांसाठी लिहिलेली नसते. ती कर, गुन्हा किंवा भरपाई यांपैकी कशासाठी तरी लिहिलेली असते; म्हणून कोणाचे नाव उरले आणि कोणाचे पुसले गेले, हे मृत्यूच्या स्वरूपापेक्षा नोंदीच्या हेतूवर ठरते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

नोंदींचे प्रकार व त्यांचे हेतू

ब्रिटिश अमदानीतील मृत्युनोंदीची मांडणी प्रामुख्याने साथरोगांच्या भीतीतून झाली. पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वसनविकार अशी वर्गवारी सरकारी तक्त्यांत दिसते. या वर्गवारीत अपघातांच्या वाट्याला 'इजा' एवढे एकच सदर आले. आत्महत्या, जखमा व अपघात, सर्पदंश आणि हिंस्र पशूंनी घेतलेले बळी ही त्याची पोटकलमे होत. विहिरीत पडलेला, गिरणीच्या पट्ट्यात सापडलेला आणि रेल्वेखाली आलेला असे तिघेही एकाच सदरात जमा होतात. आरोग्य खात्याला एवढी माहिती पुरेशी होती. नातवंडांना ती पुरेशी नाही.

दुसरा प्रकार चौकशीच्या कागदांचा. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ नुसार अकस्मात मृत्यूच्या ठिकाणी पोलिसांनी जाऊन, स्थानिक प्रतिष्ठित पंचांसमक्ष पंचनामा करावयाचा असे. मुंबई शहरात हे काम १८७१ च्या कायद्याने कॉरोनरकडे होते. या कागदांत प्रेताची स्थिती, जखमा, अंगावरील वस्त्रे यांचे बारकाईने वर्णन आढळते. परंतु मृत्यूत कोणाचा हात आहे काय, हा त्यामागील मूळ प्रश्न असतो. हात नाही असे ठरले की चौकशी संपते. यंत्राला संरक्षक जाळी का नव्हती किंवा बोटीत माणसे जास्त का भरली, हे विचारणे पंचांचे काम नव्हते.

तिसरा प्रकार भरपाईचा. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने कामावर मृत्यू पावलेल्या कामगाराची भरपाई आयुक्तांकडे जमा करून ती आश्रितांत वाटण्याची तरतूद केली. भरपाईची रक्कम वेतनावर अवलंबून असल्याने वेतन सिद्ध करावे लागे. आश्रित कोण, हेही सिद्ध करावे लागे. त्यामुळे असे प्रकरण उपलब्ध झाल्यास पूर्वजशोधाला त्याइतके समृद्ध साधन दुसरे नाही. त्यात माणूस कुटुंबासह दिसतो. मात्र दावा करणारा कोणी पुढे आला, तरच ते प्रकरण जन्माला येते.

मुंबई गोदी, १४ एप्रिल १९४४

हेतूनुसार नोंद कशी बदलते, याचे स्पष्ट उदाहरण म्हणजे मुंबई गोदीतील स्फोट. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकीन' या जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके, कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा असा माल होता. दुपारी आग लागली आणि चारनंतर सुमारे अर्ध्या तासाच्या अंतराने दोन प्रचंड स्फोट झाले. लगतची जहाजे, गुदामे आणि वस्त्या जळाल्या. हजारो माणसे बेघर झाली. युद्धकालीन निर्बंधांमुळे सविस्तर वृत्त पाठविण्याची परवानगी पत्रकारांना मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मिळाली नाही. त्यामुळे ज्या दिवसांत वृत्तपत्रांतून मृतांची नावे एरवी गोळा झाली असती, नेमके तेच दिवस या साधनाच्या दृष्टीने क्षीण आहेत.

या दुर्घटनेतील मृतांचे आकडे लक्षपूर्वक पाहावेत. अग्निशमन दलासह गोदीच्या निरनिराळ्या सेवांतील २३१ जण मृत्युमुखी पडले. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जण होते. नागरिकांविषयी मात्र '५०० हून अधिक' असे म्हटले जाते, तर एकूण मृतांचा अंदाज ८०० पासून १,३०० पर्यंत जातो. पहिले दोन आकडे एककापर्यंत नेमके आहेत, पुढचे शेकड्यांत बोलतात. हा भेद मृत्यूंच्या संख्येचा नसून हजेरीपटाचा आहे. अग्निशमन दलाला आपली माणसे ठाऊक होती. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. याउलट जहाजावरील माल चढविणारे-उतरविणारे मजूर त्या काळी मुख्यतः टोळीवाल्यामार्फत रोजंदारीवर येत. त्यांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा १९४८ मध्ये आला. त्या दुपारी टोळीत कोण होते, हे ज्याला ठाऊक होते तो टोळीवालाच स्फोटात गेला असल्यास हजेरीही त्याच्याबरोबर गेली.

या संदर्भात मालमत्तेच्या नोंदींशी तुलना करणे उद्बोधक ठरते. जहाजावर सोन्याच्या ३१ पेट्या होत्या, हे निश्चितपणे सांगता येते. पुढे कित्येक वर्षे गोदीतील गाळ काढताना विटा सापडत गेल्या, त्याचीही दखल घेतली गेली. नुकसानभरपाईसाठी १९४४ मध्येच स्वतंत्र अध्यादेश काढण्यात आला. जिथे मालक, विमा आणि दावा होता, तिथे कागद तयार झाला. घाटावरून किंवा कोकणातून आलेल्या रोजंदारी मजुराच्या मागे गावी पत्नी व मुले होती; तथापि दावा कोठे व कसा करावा, हे सांगणारे त्यांच्याजवळ कोणी असेलच असे नव्हते.

'रामदास' आणि नाव नसलेले तिकीट

१७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि ६०० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. येथे अडचण निराळी आहे. फेरीबोटीच्या तिकिटावर प्रवाशाचे नाव नसते. ज्यांची प्रेते सापडली नाहीत, त्यांच्यासाठी पंचनामाही संभवत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यानुसार सात वर्षे ज्याची खबर नाही, त्याचा मृत्यू गृहीत धरता येत असे. परिणामी अशा व्यक्तीचा पहिला लेखी मृत्यू मृत्युनोंदवहीत न आढळता वारसाच्या फेरफारात, म्हणजे गाव नमुना क्रमांक ६ मध्ये, कैक वर्षांनी आढळण्याची शक्यता असते. तेथील तारीख ही बहुधा जमिनीच्या कामाची तारीख असते. ती मृत्यूची तारीख समजून पुढील संशोधन केल्यास दुर्घटनेशी असलेला संबंधच तुटतो. ज्याच्या नावे जमीन नव्हती, त्याच्यासाठी हा मार्गही उरत नाही.

घरातील साधने

लेखी नोंद जिथे थांबते, तिथे घरातील आचार कधीकधी बोलतो. शस्त्राने, अपघाताने किंवा अन्य अपमृत्यूने गेलेल्यांचे श्राद्ध पितृपक्षात भाद्रपद वद्य चतुर्दशीला, म्हणजे घातचतुर्दशीला करण्याची प्रथा आहे. ज्या घरात एखाद्या पूर्वजाचे पान मृत्युतिथी सोडून याच दिवशी वाढले जाते, तेथे कारणाचा रकाना विधीच्या रूपाने जपलेला असतो. तीर्थोपाध्यायांच्या वंशावळीच्या वह्या आणि ख्रिस्ती कुटुंबांच्या बाबतीत चर्चच्या दफननोंदी याही तपासण्याजोग्या आहेत. आजीने सांगितलेली हकीकत केवळ मौखिक म्हणून बाजूला सारणे हे अशा वेळी शास्त्रीय शिस्तीचे लक्षण ठरत नाही.

दोन प्रकारच्या चुका

पूर्वजशोधात दोन परस्परविरुद्ध चुका संभवतात. पहिली, नोंदीत नाव नाही म्हणून घटना खोटी मानणे. गोदीतील मजुराच्या बाबतीत नाव नसणे हीच अपेक्षित स्थिती आहे; त्यावरून कुटुंबाची आठवण नाकारणे म्हणजे टोळीवाल्याच्या हिशेबातील उणीव वंशजांच्या माथी मारणे होय. दुसरी चूक याच्या उलट आहे. मुंबईला गेलेला आणि १९४४ च्या सुमारास पत्र यायचे थांबलेला प्रत्येक पूर्वज गोदीच्या स्फोटात गेला, असे मानण्याचा मोह होतो. मोठी दुर्घटना आपल्या आसपासचे अनाम मृत्यू स्वतःकडे ओढून घेते. आजारात, गिरणीत किंवा रेल्वेमार्गावर एकट्याने आलेले मरण कुटुंबाच्या सांगण्यात हळूहळू इतिहासप्रसिद्ध मरण होत जाते. त्यामुळे मृत्यूचे स्थळ, काम, मुकादमाचे गाव, बरोबर गेलेले गावकरी आणि परत आलेल्या व्यक्ती यांचा मेळ बसल्याखेरीज निष्कर्ष काढणे उचित नाही. मेळ न बसल्यास 'संभाव्य' हा शब्द वापरण्यात कमीपणा नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, अपघाती मृत्यूची जुनी नोंद वाचताना ती कोणी, कोणासाठी आणि घटनेनंतर किती काळाने लिहिली, हे प्रश्न आधी विचारले पाहिजेत. मृताचे नाव शोधण्याचे काम त्यानंतरचे आहे. सध्या कोतवाल बुकांचे वाचन व संगणकीकरण ज्या उत्साहाने होत आहे, त्यात मृत्यूच्या कारणाचा रकाना उतरवून घेतला नाही, तर जीर्ण पानांबरोबर तोही नष्ट होईल. महाविद्यालयांतील इतिहास व मराठी विभागांनी आपल्या परिसरातील एका गावाची नोंदवही जरी घेतली आणि विद्यार्थ्यांकडून त्या घरांतील आठवणी तिच्या शेजारी नोंदवून ठेवल्या, तरी हे काम सुरू होऊ शकते. गोदीतील सोन्याचा हिशेब अनेक वर्षे चालू राहिला. माणसांचा हिशेब '५०० हून अधिक' या शब्दांपाशी थांबला आहे. तो निदान काही नावांनी पुढे नेणे अजूनही शक्य आहे.